शियान ते शिनिंग: चीनमधल्या हुई मोहल्ल्यांतून

चीनच्या सहलीबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय, पण ते बहुतेक भिंत, शांघाय आणि मातीचे सैनिक यांच्याभोवती फिरतं. आम्ही गेलो होतो ते तिथल्या मुसलमानांच्या, मुख्यतः हुई समाजाच्या, वस्त्या बघायला. या वाटेबद्दल आपल्या भाषेत मला फारसं काही सापडलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मार्ग साधा होता: शियान, लानझोउ, लिनशिया आणि शिनिंग. सोबत चिपळूणची मैत्रीण होती, कोकणी मुसलमान. तिच्या एका सलामानं जी दारं उघडली, ती मला एकटीला उघडली नसती.

आधी थोडी पार्श्वभूमी. चीन सरकार ज्या 56 वांशिक समाजांना मान्यता देतं, त्यांतले 10 प्रामुख्यानं मुसलमान आहेत. 2020 च्या जनगणनेनुसार वीगर सुमारे 1 कोटी 18 लाख आणि हुई सुमारे 1 कोटी 14 लाख. बाकीचे त्या मानानं लहान: कझाक, दोंगशियांग, सालार, बोनान वगैरे. वीगरांची भाषा तुर्की कुळातली आणि वस्ती मुख्यतः शिनजियांगमध्ये. हुईंची मातृभाषा चिनीच, चेहरेमोहरेही शेजाऱ्यांसारखेच, आणि ते देशभर विखुरलेले. त्यामुळं हुई माणूस रस्त्यात ओळखू येतो तो पांढऱ्या टोपीवरून, बायकांच्या डोक्यावरच्या वस्त्रावरून, दुकानाच्या पाटीवरून किंवा मशिदीच्या छपरावरून. गेल्या दहा वर्षांत सरकारनं हात घातला तो नेमका यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना.

शिनजियांगला आम्ही गेलो नाही, आणि ते ठरवून. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं ऑगस्ट 2022 च्या अहवालात म्हटलंय की तिथं वीगर आणि इतर मुसलमानांना ज्या प्रकारे डांबून ठेवलं गेलं, तो मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरू शकतो. पर्यटकांसाठी सजवलेल्या बाजारात फिरून फोटो काढणं मला जमलं नसतं. ज्यांना जायचंय त्यांनी हा विचार करून जावं, एवढंच म्हणते. हुईंची परिस्थिती तशी नाही, पण त्यांचं सगळं आलबेल आहे असंही नाही. ते समजून घ्यायचं तर पूर्वेकडून पश्चिमेकडं जाणं फार उपयोगी पडतं.

शियान

ड्रम टॉवरच्या मागून सुरू होणारी बेईयुआनमेन ही गल्ली म्हणजे बहुतेकांच्या मनातला 'मुस्लिम क्वार्टर'. दिवे, गर्दी, काठीला टोचलेलं मांस, रील काढणारी मुलं. एकदा फिरून या आणि मग पश्चिमेला साजिनछ्याओ गाठा. तिथं सकाळी सात-साडेसातला गल्ली आपल्या कामाला लागलेली असते. भट्टीतून पाव निघतात, शाळेची मुलं उभ्या उभ्या खातात, टोपीवाले आजोबा पिशवी घेऊन भाजीला निघालेले असतात. खजूर आणि चिकट तांदूळ थरावर थर रचून वाफवलेला 'झंगगाओ' तिथं मोठ्या मडक्यातून काढून देतात. पूर्ण शाकाहारी आणि पोटभरीचा आहे. तेलात तळलेली, गोड सारणाची पर्सिमन या फळाची टिक्कीही शाकाहारीच.

मांसाहारी असाल तर 'फाओमो' चुकवू नका. वाडगा आणि कडक, चपटा पाव आधी हातात देतात. तो आपणच तोडायचा, मग ते वाडगा आत नेऊन मटणाच्या रश्शात शिजवून आणतात. आम्ही मोठमोठे तुकडे करतोय हे शेजारच्या टेबलावरच्या आजींनी पाहिलं. त्या काही न बोलता खुर्ची ओढून आमच्याकडं आल्या, पाव आडवा चिरला, अंगठा आणि तर्जनीत चिमटीनं तोडत नखाएवढे तुकडे पाडून दाखवले, आणि आमचे मोठे तुकडे परत आमच्याच पुढ्यात सारले. अर्धा तास आम्ही तिघी तुकडे पाडत होतो. त्यांची सून मधेच येऊन मैत्रिणीशी सलाम-दुआ करून गेली. फोनवरच्या भाषांतरातून आजींनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "तुमच्याकडं रोजे किती वाजता सुटतात?"

ह्वाज्युए गल्लीतली मोठी मशीद या सगळ्या प्रवासाची किल्ली आहे. स्थापनेचं साल परंपरेनं 742 सांगतात, पण आज दिसणाऱ्या इमारती प्रामुख्यानं मिंग काळातल्या (चौदावं ते सतरावं शतक) आहेत. एकामागून एक चौक, लाकडी कमानी, निळसर कौलं, आणि मनोऱ्याच्या जागी अष्टकोनी तीन मजली लाकडी बुरूज. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे बौद्ध मंदिर वाटेल. पण चिनी मंदिरं साधारणपणे दक्षिणाभिमुख असतात, आणि ही सगळी वास्तू पूर्व-पश्चिम अक्षावर मांडली आहे, कारण नमाजासाठी तोंड मक्केकडं, म्हणजे इथून पश्चिमेकडं, हवं. शेवटच्या दालनाच्या आत भिंतींवर कुराण लाकडात कोरलेलं आहे, अरबीत आणि चिनीत. मुसलमान नसलेल्यांना त्या दालनात प्रवेश नाही. दोरीपाशी बसलेल्या गृहस्थांनी मैत्रिणीचा सलाम ऐकला आणि दोरी उचलली. मी पायरीवर बसून राहिले. ती बाहेर आली ती एवढंच म्हणाली, "आमच्या गावची मशीद कौलारूच आहे गं. लहानपणी मला घुमट फक्त कॅलेंडरवर दिसायचा."

कोकणातल्या जुन्या मशिदी ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे लगेच उमगेल. पाऊस, लाकूड, गावातले सुतार जसे असतील तशी मशीद उभी राहते. शियानचं छप्पर चिनी आहे कारण बांधणारे मुसलमान चिनी होते. हे डोक्यात ठेवून पुढं चला.

तिकीट पंचवीस युआनच्या आसपास होतं. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, नमाजाची वेळ असते. गर्दी टाळायची असेल तर सकाळी उघडल्या उघडल्या जा. आणि तिथून पायी जाण्यासारख्या अंतरावर दाश्युएशी गल्लीतली दुसरी जुनी मशीद आहे. ती शांत आहे, आणि मला ती जास्त आवडली.

घुमट का उतरले

माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेल्या किंवा पाडलेल्या मशिदी 1980 नंतर पुन्हा बांधल्या जाऊ लागल्या. हज यात्रा वाढली, आखाती देशांशी व्यापार वाढला, आणि नव्या मशिदींवर हिरवे-पांढरे घुमट आले. स्थानिक सरकारांना त्यात वावगं वाटत नव्हतं, उलट निंगशियासारख्या प्रांतानं अरब व्यापाऱ्यांना दाखवायला हे रूप मिरवलं. मग वारं फिरलं. 2015 पासून 'धर्माचं चिनीकरण' हे धोरण म्हणून पुढं आलं. मे 2018 मध्ये सरकारमान्य इस्लामी संघटनेनं प्रत्येक मशिदीत राष्ट्रध्वज, राज्यघटना आणि कायदे, समाजवादी मूल्यं आणि पारंपरिक चिनी संस्कृती या चार गोष्टी नेण्याची मोहीम काढली. ऑगस्ट 2018 मध्ये निंगशियातल्या वेईझोउ गावी नवी मशीद पाडायला आलेल्यांसमोर हजारो हुई धरणं धरून बसले. मशीद वाचली, पण पुढं तिचे घुमट गेले. 2019 मध्ये बीजिंगच्या हलाल दुकानांवरची अरबी अक्षरं झाकायला लावली. 2020 मध्ये निंगशियातल्या यिनछुआनमध्ये आणि 2021 मध्ये शिनिंगमध्ये मोठ्या मशिदींचे घुमट उतरवले गेले, आणि 2023 मध्ये युन्नानच्या नाज्यायिंगमध्ये घुमट काढण्यावरून पोलिस आणि लोक समोरासमोर आले. 2024 च्या सुरुवातीपर्यंत युन्नानमधल्याच शाद्यानच्या मोठ्या मशिदीचा घुमटही नाहीसा झाला होता. शाद्यान तेच गाव, जिथं आणि आसपासच्या गावांत 1975 मध्ये लष्करानं सुमारे सोळाशे माणसं मारली होती.

ही यादी लांबली, पण ती माहीत नसेल तर पुढच्या गावांत नुसती सुबक चिनी छपरं दिसतील आणि आपण कौतुक करून परत येऊ.

लानझोउ

लानझोउला आम्ही फार रमलो नाही. पिवळी नदी, धूळ, लांबच लांब शहर. पण नूडल्ससाठी एक सकाळ द्याच. 1915 च्या सुमारास मा बाओझी नावाच्या हुई विक्रेत्यानं हा प्रकार लोकप्रिय केला असं मानतात. स्वच्छ रस्सा, पांढरा मुळा, लाल तिखटाचं तेल, हिरवी कोथिंबीर आणि पिवळसर शेवया, हे पाच रंग जमले पाहिजेत. जाडी आपण सांगायची: केसासारख्या बारीक 'माओशी'पासून पट्ट्यासारख्या रुंद 'दाक्वान'पर्यंत. आचारी कणकेचा रूळ दोन्ही हातांनी ओढतो, दुमडतो, फळीवर आपटतो, पुन्हा ओढतो, आणि पाऊण मिनिटात शेवया उकळत्या पाण्यात असतात. हे सकाळचं खाणं आहे, दुपारनंतर चांगली दुकानं बंद होतात.

इथं आपल्या लोकांनी सावध राहावं: हा रस्सा गोमांसाचा असतो. 'मांस घालू नका' म्हटलं तरी रस्सा तोच येणार. गोमांस खात नसाल तर 'यांगरोउ' म्हणजे मटण आणि 'न्यूरोउ' म्हणजे गोमांस हे दोन शब्द पाठ करून जा. शाकाहाऱ्यांनी 'लियांगफी', म्हणजे थंड, आंबट-तिखट पांढऱ्या पट्ट्या मागाव्यात. टोमॅटो-अंड्याची भाजी आणि भात बहुतेक ठिकाणी मिळतो. हलाल खानावळीत डुकराची चरबी वापरत नाहीत, त्यामुळं डुक्कर टाळणाऱ्यांना चीनभर याच खानावळींचा आधार. ओळखायची खूण म्हणजे 'छिंगचन' ही दोन चिनी अक्षरं. पूर्वी त्यांच्यासोबत अरबीत 'हलाल' असायचं आणि परदेशी माणसाला ते पटकन कळायचं. आता बऱ्याच ठिकाणी ते नाही. एका खानावळीच्या पाटीवर मधल्या चौकोनाचा हिरवा रंग बाकीच्यापेक्षा ताजा होता, आणि तिरप्या उन्हात रंगाखाली जुन्या अक्षरांची वळणं उठून दिसत होती. त्या दोन चिनी अक्षरांचा फोटो फोनमध्ये आधीच ठेवा.

आणखी एक गोष्ट. शांघाय-बीजिंगमध्ये 'लानझोउ लामियान' अशा पाटीची जी हजारो छोटी दुकानं दिसतात, त्यांतली बरीचशी लानझोउच्या लोकांची नाहीतच. ती छिंघाई प्रांतातल्या ह्वालोंग तालुक्यातून आलेल्या कुटुंबांची आहेत. गाव गरीब, जमीन कोरडी, म्हणून नवरा-बायको आणि पुतण्या-भाच्यांनी मिळून दूरच्या शहरात नूडल्सचं दुकान काढायचं. चीनमधल्या सामान्य माणसाला मुसलमान भेटतो तो बहुधा या दुकानाच्या गल्ल्यावर.

लिनशिया

लानझोउच्या दक्षिणेच्या बस स्थानकावरून दोन-अडीच तास. वाटेत उघडे पिवळे डोंगर आणि जवळपास प्रत्येक गावात मशीद. लिनशियाला चीनची 'छोटी मक्का' म्हणतात. इथं हुईंसोबत दोंगशियांग आणि बोनान राहतात, आणि त्या दोघांच्याही भाषा मंगोल कुळातल्या आहेत.

परदेशी पर्यटक फार दिसत नाहीत. लोक बघतात, हसतात, विचारपूस करतात. बायकांच्या डोक्यावरच्या वस्त्राला इथं जुनी रंगपद्धत आहे: मुलींचं हिरवं, संसारी बायकांचं काळं, आजींचं पांढरं. बसथांब्यावर तिन्ही रंग एका बाकावर बसलेले असतात. दुपारी चहाला झाकणाच्या कपात खडीसाखर, लाल खजूर, वाळवलेले लोंगान (लिचीसारखं फळ) आणि चहापत्ती घालून गरम पाणी ओततात. झाकणानं वरची पानं मागं सारत घोट घ्यायचा, पाणी संपलं की पुन्हा ओतायचं. कप पूर्ण रिकामा केलात तर कोणीतरी लगेच भरतं, तेव्हा नको असेल तर झाकण ठेवून द्या.

'दा गोंगबेई' नक्की बघा. ही छी जिंगयी या सूफी संताची कबर, म्हणजे आपल्या भाषेत दर्गा. सतराव्या-अठराव्या शतकातला कादरिया परंपरेचा हा माणूस. भिंतींवर विटेत कोरलेली पिओनीची फुलं, डोंगर, ढग. पाकळीची कड इतकी पातळ की विटेची आहे यावर विश्वास बसत नाही. इथल्या सेवेकऱ्यांत आजन्म अविवाहित राहण्याची प्रथा आहे, जी इस्लाममध्ये फार विरळा. उदबत्तीचा वास, माथा टेकवणारे भाविक, टप्प्याटप्प्याचं चिनी छप्पर. मैत्रीण बराच वेळ तिथं उभी होती. तिच्या घरी दर्ग्याला जाणारे आणि न जाणारे असे दोन्ही आहेत, आणि लिनशियातही नेमका हाच वाद शंभर वर्षं चाललाय.

'बाफांग' हा जुना मोहल्ला आता सजवून पर्यटनासाठी खुला केला आहे. गल्ल्या स्वच्छ, विटेवरचं कोरीवकाम नवं कोरं, फोटो छान येतात. पण माहितीफलकांवर खाणं, कला, पेहराव भरपूर आणि श्रद्धेचा उल्लेख जेमतेम. मला ते खटकलं. पाहुण्याला दाखवायला माणसाची टोपी चालते आणि ती टोपी तो का घालतो हे सांगायचं नाही, असं काहीसं. मोहल्ल्याच्या बाहेर दोन गल्ल्या सोडून गेलात तर खरे कसाई, खरे टोपीवाले, तांब्याच्या झाऱ्या विकणारे भेटतात. वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुण्यासाठी, लागणारी ती झारी सामानात सहज मावते.

मशिदींच्या अंगणात लाल झेंडा आणि समाजवादी मूल्यांचा फलक सर्रास दिसतो. भोंग्यावरून अजान ऐकू आली नाही. 2018 मध्ये या भागात भोंगे बंद केल्याच्या आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना मशिदीत धर्मशिक्षण घ्यायला मनाई केल्याच्या बातम्या होत्या. नमाजाला जाणाऱ्यांत म्हातारेच जास्त दिसले.

आता सगळ्यांत महत्त्वाची सूचना. घुमट, बंदी, सरकार याविषयी कोणालाही काहीही विचारू नका. भाषांतराच्या ॲपवर तर मुळीच नाही. तुम्ही आठवड्याभरात घरी परतणार, ते तिथंच राहणार. नमाज पढणाऱ्यांचे, आहोंगांचे (इमामांना तिथं आहोंग म्हणतात), मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो टाकू नका. मी या लेखासाठीही टाकलेले नाहीत. वाटायला धार्मिक पुस्तकं नेऊ नका, परदेशी माणसाला धर्मप्रसाराची तिथं कायद्यानं मनाई आहे. ऐका, चहा प्या, सांगतील तेवढं सांगू द्या.

शिनिंग

लानझोउला परत येऊन जलदगती गाडीनं शिनिंग तासाभरापेक्षा थोडं जास्त. उंची सुमारे 2,250 मीटर, त्यामुळं पहिल्या दिवशी जिने सावकाश चढा. शहरात हुई, सालार, तिबेटी आणि हान (म्हणजे बहुसंख्य चिनी) एकाच बसमध्ये असतात.

दोंगग्वान मशीद मुख्य रस्त्यावरच आहे. तिचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. जुनी वास्तू चिनी राजवाड्याच्या धाटणीची, आणि मुख्य दालनाच्या आढ्यावरचे सोनेरी कळस तिबेटी बौद्ध मठाकडून भेट आले असं सांगतात. 1990 च्या दशकात अधिकाऱ्यांच्याच संमतीनं तिच्यावर हिरवे घुमट चढले. 2021 मध्ये ते उतरवले गेले. आज तिथं पहिल्यांदा येणाऱ्याला काही कमी आहे असं वाटणारही नाही.

शियानच्या पायरीवर बसून जे मनात आलं होतं ते इथं पुरतं स्पष्ट झालं. छप्पर चिनी असण्यात काहीच गैर नाही. शियानच्या लोकांनी ते शेकडो वर्षांपूर्वी आपल्या हातांनी घातलं, आणि त्यात त्यांचा अभिमान आहे. शिनिंगचं छप्पर कसं असावं हे नमाज पढणाऱ्यांनी ठरवलं नाही, ना घुमट काढताना, ना काय उरावं हे ठरवताना. दोन्ही शहरांची छपरं फोटोत एकसारखी दिसतात, आणि सरकारी पुस्तिकेत शियानची मशीद शिनिंगचं समर्थन म्हणून वापरली जाईल. बघणाऱ्यानं तो फरक विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

शुक्रवारी तिथं असायला हवं. सगळा चीन बीजिंगच्या घड्याळावर चालतो, त्यामुळं इतक्या पश्चिमेला सूर्य माथ्यावर येतो तो एक वाजून गेल्यावर, आणि जुम्माची नमाज दीड-दोनच्या सुमारास होते. बारापासून बगलेत गुंडाळलेली चटई घेऊन माणसं यायला लागतात: सूटवाले, बांधकामावरचे मजूर, नातवाला धरून चालणारे आजोबा. आत जाताना मला फक्त पुरुष दिसले. आम्ही दोघी समोरच्या फुटपाथवर उभ्या होतो. पोलिस होते, वाहतूक वळवत होते. नमाज संपल्यावर पांढऱ्या टोप्यांची ती रांग रस्ताभर पसरली आणि पंधरा मिनिटांत पाव, दही आणि मटणाच्या दुकानांत विरून गेली. घुमट असो वा नसो, शुक्रवारी दुपारी या रस्त्यावर कोण राहतं हे कुणालाही दिसतं.

इतर दिवशी नमाजाच्या वेळा सोडून आम्हाला अंगणात जाता आलं. डोकं झाकायला ओढणी, पूर्ण बाह्या, लांब विजार हवी. बाहेर 'न्यांगफी' (लियांगफीसारख्याच थंड पट्ट्या) आणि वाडग्यात विरजलेलं, वर साय धरलेलं दही खा. दही साखर घालून देतात.

जाणाऱ्यांसाठी

कोलकाता–ग्वांगझू थेट विमानसेवा ऑक्टोबर 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली, तिथून शियानसाठी देशांतर्गत विमानं आहेत. रेल्वेची तिकिटं साधारण पंधरा दिवस आधी खुली होतात, ती पासपोर्ट क्रमांकावरच निघतात. स्थानकात आपल्याला बहुधा कर्मचारी बसलेल्या फाटकातून जावं लागतं. पैशांसाठी अलीपे या पैसे भरायच्या ॲपला व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड जोडा. 200 युआनच्या वरच्या व्यवहारावर 3 टक्के शुल्क लागतं. थोडी रोकड लिनशियासाठी ठेवा. गूगल आणि व्हॉट्सॲप तिथल्या वायफायवर चालत नाहीत, भारतीय सिमचं रोमिंग घेतलं तर चालतात. लिनशियात हॉटेल ठरवताना परदेशी पासपोर्ट घेतात का हे आधी संदेश पाठवून विचारा. हलाल खानावळीत बाहेरून बिअर आणू नका. मे ते सप्टेंबर हवा चांगली, पण शिनिंगला उन्हाळ्यातही संध्याकाळी स्वेटर लागतो. रमजानमध्ये गेलात तर दिवसा दुकानं बंद मिळतील, संध्याकाळ मात्र सुंदर असते.

हाताशी आणखी दोन दिवस असतील आणि तुम्ही बाई असाल, तर शियानहून पूर्वेला काइफंग जोडा, झंगझोउमार्गे जलदगती गाडीनं. तिथं वांगज्या गल्लीत बायकांची स्वतंत्र मशीद आहे, 1820 ची, आणि तिथं नमाज पढवते ती बाई आहोंग. बाहेरून साधं घर वाटतं, कौलारू, छोटं अंगण. सोबत पुरुष असतील तर त्यांनी दाराबाहेर थांबायची तयारी ठेवावी, आणि बायकांनीही आत जाण्याआधी दारावर थाप देऊन विचारावं.